पोटात सुकेळी, दारात मॅडम

मी इग्नेशियस मास्तरांच्या बँडचा मोठा ढोल. हल्ली मला बोलायला भरपूर सवड असते. ती का, ते शेवटी कळेलच.

माझा जन्म मुंबईत, एका कारागिराच्या हातून. त्याने दोन उत्तम कातडी ताणून मला असा काही आवाज दिला की वसईत पहिला ठोका पडला तेव्हा अर्नाळ्याच्या वाळूत विसावलेली होडी आपणहून पाण्यात उतरली. खोटं वाटत असेल तर होडीला विचारा. लग्न असो, नाताळ असो की गावचा सण, माझ्याशिवाय पान हलत नसे. फ्रेडरिक मला पोटावर बांधून चालायचा. त्याचं पोट मोठं की मी, यावर पैजा लागायच्या.

मग लग्नात डीजे आला. बारा जणांच्या बँडमध्ये चौघं उरले. माझं मागचं कातडं उंदरांनी खाल्लं आणि मी पडवीच्या कोपऱ्यात गेलो. मास्तरांच्या बायकोने, फ्लॉसीबाईने, मला रिकामा राहू दिलं नाही. उन्हात वाळवलेल्या केळ्यांचे, म्हणजे आमच्या सुकेळीचे, पुडे ती माझ्या पोटात ठेवू लागली. एकेकाळी धडधडणारं पोट आता गोड झालं, एवढंच.

गेल्या वर्षी फुलपाड्याहून सहा मुली वाजवायला शिकायचं म्हणून आल्या. वाद्यं होती चार, तीही ठिगळांची. मास्तरांनी त्यांना "ईस्टरनंतर या" म्हणून परत पाठवलं आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत पडवीत उभे राहिले. तेवढ्यात कळलं की एक संस्था गावोगावच्या कलापथकांना अनुदान देते. मास्तरांनी अर्ज केला. महिन्याभराने उत्तर आलं: जागृती मॅडम पाहणीला येतील.

आता आमच्या माणसांची एक खोड आहे. पाहुणा येणार म्हटलं की घरातलं फुटकं लपवायचं आणि शेजारचं चांगलं मागून आणायचं. फ्लॉसीबाईने शेजारच्या एलिनाकडून सोनेरी काठाच्या कपबशा आणल्या. मास्तरांनी त्यावर कडी केली. शेजारच्या गावच्या बँडमधले आठ वादक त्यांच्या चकचकीत वाद्यांसकट आणले आणि आपल्या बँडचे लाल कोट त्यांच्या अंगात घुसवले. माझ्या मागच्या बाजूला पुठ्ठा लावून वर बँडचं नाव रंगवलं. या धांदलीत पोटातली सुकेळी काढायची मात्र सगळे विसरले. मी आठवण करून देणार होतो, पण म्हटलं, असू दे, वेळ आली तर उपयोगी पडेल.

मॅडम आल्या. बँडने दोन गाणी वाजवली. काय सांगू, पारावरची कुत्रीसुद्धा रांगेत बसली! मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि कागदावर पेन टेकवलं.

"वा, मास्तर! बारा कलाकार, नवी वाद्यं, कोट इस्त्रीचे. तुमचं तर उत्तम चाललंय. मग अनुदान एखाद्या बंद पडत आलेल्या पथकाला देऊ. तुम्हाला गरज नाही, असं लिहिते."

मास्तरांचा चेहरा थंड चहावरच्या सायीसारखा झाला. बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून निघालं ते हेच, "बरं. मग निरोपाचं एक वाजवतो."

माझ्या डोळ्यांपुढे त्या परत गेलेल्या सहा मुली आल्या. ईस्टर तर केव्हाच होऊन गेला होता. फ्रेडरिकने हात उचलला. इतकी वर्षं मी प्रत्येक ठोका दात आवळून झेलला होता. या वेळी श्वास सोडून दिला.

फर्रर्र!

कातडं उभं फाटलं. पोटातून सुकेळीचा एकेक पुडा टुणकन बाहेर पडला, आणि एक घरंगळत थेट मॅडमच्या चपलेशी जाऊन थांबला.

मग शेजारच्या गावातून आणलेल्यांपैकी एक कर्णेवाला खो-खो हसत म्हणाला, "मास्तर, आता सांगून टाका ना! आम्हाला पाच वाजता नालासोपाऱ्यात वरात आहे."

"म्हणजे? तुम्ही यांचे नाही?" मॅडम.

"आठ जण पाहुणे, मॅडम. घरचे फक्त ते चौघं. कोट पण काखेत काचतोय."

मॅडमनी मास्तरांकडे पाहिलं. "हे अर्जात का नाही लिहिलंत?"

मास्तर खाली बघून म्हणाले, "पाहुण्यासमोर फाटकं कसं दाखवायचं, बाई?" आणि मग एकदाचं सगळं बाहेर आलं: उरलेले चौघं, उंदीर, परत पाठवलेल्या सहा मुली.

फ्लॉसीबाईने पुडा उचलून झटकला. "मॅडम, सुकेळी तरी घ्या. ही आमची स्वतःची आहे. कपबशा एलिनाच्या."

मॅडम हसता हसता खुर्चीत बसल्या. सुकेळी खाल्ली, आणखी एक मागितली, आणि चिकट बोटांनीच कागदावरची ओळ खोडली.

अनुदान मंजूर झालं. आता रोज संध्याकाळी पडवीत त्या सहा मुली कर्णे फुंकतात. सध्या आवाज गोठ्यात अडकलेल्या म्हशीसारखा येतो, पण म्हैस दिवसेंदिवस सुरात येते आहे.

आणि मी? खरेदीच्या यादीतली पहिली ओळ होती: मोठा ढोल, नवा, एक नग. घ्या! ज्या अनुदानासाठी पोट फाडलं, त्यानेच नोकरी खाल्ली. नवा पांढराफटक आहे, वाजतो बरा. पण होड्या अजून जागच्या हलत नाहीत, एवढंच सांगतो.

परवा फ्लॉसीबाई सुई-दोरा घेऊन माझं भोक शिवायला बसली, तर मास्तर आतून ओरडले, "फ्लॉसी, हात लावू नको त्याला! पुढच्या वर्षी मॅडम पुन्हा येणार आहेत."

तेव्हा वाचकहो, माझी एकच विनंती. कधी आमच्या पडवीत आलात तर सुकेळी खुशाल खा, पण माझ्या भोकाला ठिगळ लावू नका. ते आता आमच्या बँडचं आहे, आणि मागून आणलेलं नाही.