कावेरीताईंचा आवाज माझ्यापाशी आहे

मित्रांनो, मी एक जुना, हातात मावणारा संगणक आहे. संगणक आपला म्हणायला, आकार चष्म्याच्या घराएवढा. वर छोटा पडदा, खाली वाटाण्याएवढी बटणं. माझ्यासारखे थोडेच बनले आणि त्याहून थोडे विकले गेले. पण मला घडवतानाच माझ्यात एक ॲप घालून दिलं होतं. माणसाचा आवाज साठवायचा आणि पुढे त्याने टाइप केलं की त्याच्याच आवाजात बोलायचं.

सेलूच्या शाळेत शिकवणाऱ्या कावेरीताईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून त्यांचा भाऊ विवेक याने मला मागवलं. ताई तीन दिवस माझ्यासमोर बसून वाक्यं वाचत होत्या. 'खडू संपला.' 'गोंधळ करू नका.' 'चहात साखर कमी घाला.' मी सगळं जपून ठेवलं.

पुढची चार वर्षं मी त्यांचा गळा होतो. मी ओरडलो की मागच्या बाकावरची पोरं चूप बसत. भाजीवालीशी घासाघीसही मीच करायचो. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात थोडी हवाही गेली होती.

मग मला बनवणारी कंपनीच बंद पडली. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत सूचना आली, अमुक तारखेनंतर ॲप बोलणार नाही, आपला आवाज त्याआधी काढून घ्या. ताई पेपर तपासत होत्या. त्यांनी 'नंतर' दाबलं. सूचना तीनदा आली आणि तिन्ही वेळा 'नंतर'च दाबलं गेलं. मला फार वाईट वाटलं, पण टाइप केल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं.

तारीख उलटली, माझं बोलणं बंद पडलं आणि पाचव्या दिवशी विवेकच्या मुलीचं बारसं आलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव ताईंनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. त्यांनी ते टाइप केलं, आशेने पुन्हा बोलायचं बटण दाबलं. मी मुकाच.

"ताई, मी लय खटपट केली," विवेक म्हणाला. "हे ॲप बोलायच्या आधी कंपनीला परवानगी विचारतंय, अन् तिथं उत्तर द्यायला कुणीच न्हाई."

"मग मोबाइलातून म्हनवा की!" शेजारच्या कमलबाई म्हणाल्या. "त्याला कुठं काय झालंय?"

ताईंनी माझ्यावर लिहिलं, 'परका आवाज तिच्या कानात नको.'

मग त्या पाळण्यावर वाकल्या. ओठ हलले, नुसता श्वास बाहेर पडला. बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले.

"काय नाव ठिवलं? आमाला तर काईच ऐकू न्हाई आलं," कमलबाई म्हणाल्या.

ताईंनी नाव पुन्हा टाइप केलं आणि मला उचलून बाळाच्या आईसमोर, मधुवंतीसमोर धरलं. तिने मोठ्याने वाचलं, "राजेश्री!" सगळ्या हसल्या. ताई मात्र आत जाऊन बसल्या.

मित्रांनो, 'नंतर' दाबण्याआधी समोर काय लिहिलंय ते एकदा वाचा. आणि मोठेपणी तुम्ही यंत्रं बनवलीत, तर दुकान बंद करताना ज्याचं त्याला परत देऊन मग कुलूप लावा.

ताई अजून दर रविवारी मला चार्जिंगला लावतात. राजेश्री मांडीवर असते. तिचं नाव टाइप करून त्या बोलायचं बटण दाबतात आणि वाट बघतात. पडद्यावर तेच वाक्य येतं, 'कृपया कंपनीशी संपर्क साधा.' त्यांचा आवाज माझ्या पोटात जसाच्या तसा आहे आणि मला तो त्यांना देता येत नाही.