जिन्याखालच्या फळीवरचा एकच खेळ

पुढच्या खोलीतलं कपाट रिकामं करायचं ठरलं तेव्हा माझा मुलगा असा बसला, जणू घरातलं कुणी गेलंय. सूनबाई दातांच्या कवळ्या बनवते. आजवर तिचं प्लास्टर, मेण आणि साचे स्वयंपाकघराच्या ओट्यावरच असायचे. भांडी विसळताना शेजारी कुणाची तरी बत्तिशी माझ्याकडे बघून हसायची. तिला खोली हवीच होती, आणि मी ती दिली. या घरात काय कुणाला द्यायचं ते मीच बघते. कपाटातल्या मुलाच्या पुस्तकांना जिन्याखाली एक फळी ठरवली.

"एका खेळापुरती," मी म्हटलं. "बाकी सगळं रद्दीत."

खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. माझा मुलगा, त्याचा मित्र शिंपी आणि दुसरा मित्र औषधवाला, तिघेही पन्नाशीला टेकलेले. एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारी टेबलाभोवती बसतात आणि आपण भुयारात उतरलो असं समजतात. एक जण समोर काय आहे ते सांगतो, बाकीचे आपण काय करतो ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. कुणी मांत्रिक, कुणी तलवारबहाद्दर. घरी तिघांपैकी एकाच्यानंही बरणीचं झाकण उघडत नाही.

तिघांचे तीन जुने खेळ. कुठला ठेवायचा यावर तीन आठवडे भांडले आणि शेवटी माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"काकू, तुम्हीच निकाल द्या," औषधवाला म्हणाला. "तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच नाही."

एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता. तिन्ही खेळून बघीन म्हटलं.

पहिल्या रविवारी औषधवाल्याचं पुस्तक. उशाला घ्यावं एवढं जाड. मी म्हटलं, "दाराला लाथ घालते." त्यानं चष्मा चढवला, दारांचा तक्ता काढला, मग लाकडांचा, मग ओल्या लाकडांचा. मी आत जाऊन चहा टाकला, उकळला, गाळला, घेऊन आले. दार जागच्या जागी.

"काकू, पायात चप्पल आहे की बूट? दोन गुणांचा फरक पडतो."

"तुझ्या पाठीत बसेल ते आहे," मी म्हटलं. "पुढे सरक."

सरकला नाही. दिवेलागणीला दार उघडलं आणि पलीकडे दुसरं दार निघालं.

दुसऱ्या रविवारी शिंप्याची वही. जुने नियम कठोर वाटले म्हणून यानं आपल्या हातानं सैल केलेले. कपडे कमरेला सैल करावेत तसे. माझा फासा वाईट पडला की म्हणायचा, "हा धरू नका काकू, टेबल हललं." दोन तासांत मी तीन राक्षस आणि एक अजगर मारला. नातवाशी कुस्ती खेळताना आजोबा पडतात ना, तसे पडले बिचारे.

"माझ्या खेळात चांगल्या माणसाचं नशीब चांगलंच असतं," शिंपी म्हणाला.

"मी चांगली आहे हे तुला कुणी सांगितलं?"

तिसऱ्या रविवारी मुलाचं पुस्तक. चाळीस पानं, पिना गंजलेल्या. बारा वर्षांचा होता तेव्हापासून जवळ आहे. त्यावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, हे रद्दीत घालायचं ठरलं तर मी कामावर गेल्यावर घाल. एवढंच."

मी म्हटलं, आधी नियम वाचेन. चौथी शिकलेली बाई मी, बोट ठेवून एकेक शब्द वाचते. शिंप्यानं जांभई दिली. सत्ताविसाव्या पानावर माझं बोट थांबलं.

"'पहिला गडी पडला की उरलेल्यांच्या हिमतीचा फासा टाकावा. हिंमत खचल्यास ते पळून जातात.' हे तुम्ही करता कधी?"

तिघांची डोकी पुस्तकात. एकोणीस वर्षं यांचे राक्षस शेवटचा मरेपर्यंत लढत होते. शिंप्याचे एकतीस शूरवीर त्यातच खपले.

"कुणीच वाचलं नाही?"

"आम्हाला पाठच होतं, काकू," शिंपी म्हणाला.

मग खेळलो. खेळात मी जी बाई झाले, तिची ताकद फाशानं पाच दिली, अक्कल सोळा. बदलून मिळणार नाही, आलं ते आलं, मुलगा म्हणाला. हे मला पटलं. मशाल धरायला एक भाडोत्री गडी घेतला. सहा ठेंगू राक्षस आले, शिंप्यानं एक पाडला, मुलानं हिमतीचा फासा टाकला आणि पाच जण शेपूट घालून पळाले! मी अशी टेकून बसले की जणू नियम मीच लिहिला होता.

पुढच्या वळणावर विषारी कोळी. पहिल्या डंखातच औषधवाल्याचा मांत्रिक आडवा. मुलानं फासा उचलला आणि तसाच धरून राहिला.

"काय झालं?"

"काही नाही."

"बोट ठेवून वाच."

त्यानं वाचलं. "'भाडोत्री माणसांनाही हाच नियम.'"

"अरे, ते राहू दे ना आज," शिंपी घाईनं म्हणाला.

मुलानं फासा टाकला. मशालवाला मशालीसकट पळाला. अंधार. कोळी माझ्या अंगावर. विष पचवायला वीस बाजूंच्या फाशावर चौदा तरी हवे होते. मला नऊ पडले.

"टेबल हललं," शिंपी म्हणाला. औषधवाल्यानं टेबलाखालून मुलाला लाथ मारली, ती मला लागली. मुलानं फाशाकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. निकाल माझ्या हातात होता, हे त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "तू मेलीस."

सूनबाई प्लास्टरच्या हातांनी दारात आली. "अहो! आईंना काय बोलताय!"

"थांब गं," मी म्हटलं. "का रे, सोडवता आलं नसतं मला?"

"आलं असतं." त्यानं फासा पुस्तकावर ठेवला. "पण मग हे पुस्तक ठेवून काय करायचं?"

माझ्या तोंडावर मला नाही म्हणणारं माणूस या घरात मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. बरं वाटलं. अर्थात ते त्याला सांगितलं नाही. चढून बसतात.

"जाड पुस्तक रद्दीत," मी म्हटलं. "वही शिंप्यानं घरी न्यावी. आणि मला नवी बाई करून द्या. दिवेलागणीला अजून वेळ आहे."

मुलगा ते पातळ पुस्तक दोन्ही हातांत धरून उठला आणि जिन्याकडे निघाला.

"आत्ता कुठे नेतोस? खेळायचंय ना!" मी ओरडले. "आणि ठेवशील तेव्हा खाली वर्तमानपत्र घाल, तिथे ओल येते."