चिंधीवर पडणारे ठोके

मित्रांनो, मी भिंतीवरचे एक जुने घड्याळ आहे. माझ्या पोटात घंटा आहे, हे कारखान्याबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते.

मला घडवणारा गिऱ्हाइकांचा फार विचार करी. "मनातली किंमत विचारली, की माणूस कमीच सांगतो," तो म्हणे. "त्यापेक्षा पुढ्यात दोन घड्याळं ठेवा. ज्याला ठोके हवेत, तो आपणहून जास्त देईल." पण स्वस्त घड्याळासाठी वेगळी यंत्रे परवडेनात. म्हणून सगळी एकसारखीच घडवली आणि काहींच्या घंटेवर लोकरीची चिंधी बांधली. मुके करायला मेहनत जास्त, किंमत मात्र कमी!

त्यातलेच एक त्याने घरी नेले. ते मी. सहकारी हसले, "काय हो, दिव्याखाली अंधार? तुमच्याच घरी मुकं?"

"पोरगी झोपते," एवढेच तो म्हणाला.

चिंधीवरच्या धपधपीनेही पोरगी दचके. मग त्याने वर आणखी एक तुकडा बांधला.

पोरगी मोठी झाली. "बाबांनी जगाला वाजणारी विकली, आम्हाला मुकं आणलं," असे ती पाहुण्यांना सांगे. बाबा नुसते हसत.

बाबा गेले. ती घर आवरायला आली. भांडी बांधून झाली, घर चिडीचूप झाले. तास भरला आणि माझी हातोडी पडली. धप. धप. ती ताडकन उठून बाबांच्या खोलीच्या दाराशी गेली. त्यांची पावले अशीच वाजत. पुढच्या तासालाही गेली. खोली रिकामीच होती.

जुन्या वस्तू घेणारा आला. "मुकं आहे ते," ती म्हणाली. त्याने माझी पाठ उघडली.

"ताई, हे मुकं कुठंय? कुणीतरी चिंध्या बांधल्यात. कापू? खणखणीत वाजेल, भावही चांगला येईल."

तिने वाकून पाहिले. वरचा तुकडा तिच्या तान्हेपणीच्या टोपऱ्याचा होता. गाठ बाबांची.

"कात्री ठेवा, दादा."

"मग मुक्याचाच भाव लावीन हं."

"लावूच नका. हे विकायचं नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूची किंमत करण्याआधी तिची पाठ एकदा उघडून पाहा. आतली गाठ कोणी मारली, कोणासाठी मारली, ते कळेपर्यंत कात्री लावू नका.

आता मी तिच्या घरी असतो. तास भरला, की जेवता जेवता तिचा घास थांबतो. आवाज माझा आहे, हे तिला पक्के ठाऊक आहे. तरी ती दाराकडे पाहते.