उघडी कडी

जळगाव स्टेशनावर ती गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. तेवढ्यात हितेंद्र साहेब डब्याच्या दारात उभे राहून आम्ही बांधलेल्या खोट्या माशा बघणार आणि हो की नाही ते सांगणार, असं ठरलं होतं. नाही म्हणाले तर आमचे हे दोरा-सुया, पिसं, होतं नव्हतं बठ्ठं तापीत सोडून देणार होते. तसं सकाळीच सांगितलं ह्यांनी मला, चहाला हात न लावता. मी म्हटलं, "सोडा, पण आधी चहा प्या." मी घाबरले की जास्तच फटकळ होते.

आमचे हे म्हणजे पितांबर. धुळ्याकडचे पटवेकरी. सोनारानं मणी आणि वाट्या द्यायच्या, ह्यांनी त्या रेशमी दोऱ्यात गाठवून मंगळसूत्र करायचं, यावर आमचं घर चाललं. आता बायकांना यंत्रावरची साखळी लागते. दोन वर्षांपूर्वी सोनाराच्या पेढीनं ह्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. बोलायचं नाही, भांडायचंही नाही. न भांडणारा नवरा घेऊन करायचं काय, तुम्हीच सांगा!

मग आमच्या लेकीनं, मयुरीनं, एक पुस्तक आणलं. परदेशात लोक गळावर पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात, मासा तिला भुलतो. पुस्तकात पानापानावर एकेक माशी, तिचं चित्र, खाली सामान आणि कृती, अगदी लोणच्या-पापडाच्या पुस्तकासारखं. मयुरी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची आणि हे चित्राला नाक लावून बसायचे. कोंबड्याच्या मानेची पिसं मी मागून आणली. चिकनवाला हसला, तर त्याला असं झापलं की त्यानं वरून पिशवीही दिली.

ह्यांनी बांधलेल्या माशांचे फोटो मयुरीनं पाठवले ते नाशिकच्या हितेंद्र साहेबांना. त्यांचा मासेमारीच्या सामानाचा व्यापार. त्यांना आवडले. गाडीनं जाताना नमुने बघतो म्हणाले. मयुरीला कामावर जायचं होतं, म्हणून आम्ही दोघंच फलाटावर आलो.

गाडी लागली. साहेब दारात आले, डबी उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा काका! काय सफाई आहे हो!" मग एक माशी बोटात फिरवली, परत फिरवली. "पण काका, नायलॉनचा दोरा ओवायचा कुठून?"

गळाच्या टोकाला बारीक कडी असते. त्यातूनच मासेमारीचा दोरा जातो. ह्यांनी ती कडी दोऱ्यानं गच्च मढवून टाकली होती, सगळ्याच माशांची!

आता यात ह्यांचं काय चुकलं? पटवेकऱ्यानं गाठवलेल्या मंगळसूत्राची कडी दिसली तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. दोऱ्याखालून धातू डोकावला म्हणजे लाजच. पुस्तकात लिहिलेलं, डोकं दोऱ्यानं गुंडाळून पूर्ण करा. ह्यांनी केलं पूर्ण. आमच्या घरात जन्मात कुणी मासा धरलेला नाही, कळणार कुणाला?

मी बांगडीतली पिन काढली आणि कडी मोकळी करायला टोचली. दोरा इतका ताठ की पिन वाकली. मग एकदम गाठ सुटली आणि पिसं फलाटावर उडाली. तेवढ्यात भोंगा वाजला.

ह्यांनी साहेबांच्या हातातून डबी घेतली, झाकण लावलं. "चल मंदा." चेहरा तोच, भिंतीकडचा. आता हा माणूस घरी जाऊन बसला की बसला, परत काही उठायचा नाही.

मी ह्यांना पाठीला हात लावून डब्यात ढकललं आणि मागून स्वतः चढले.

"अहो काकू! तिकीट?" साहेब ओरडले.

"दंड भरीन मी. तुम्ही आधी सरका. पुढचं पाचोरा स्टेशन येईपर्यंत हे एक बांधून दाखवतात."

"मी कुठे म्हटलं?" हे म्हणाले.

"तुम्हाला विचारलंय कुणी?"

साहेबांना दाखवायला म्हणून सामान बरोबर होतंच. पण गळ धरायची पक्कड घरी राहिलेली. मी गळ चिमटीत धरला. "माझ्या कामाला हात लावू नको," असं मला आयुष्यभर ऐकवत आलेला माणूस थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग दोरा घेतला.

डबा हलायचा, दोरा निसटायचा. ह्यांनी चप्पल काढली, दोऱ्याचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं, गाठवताना करायचे तसं. लोकर चढली, पीस फिरलं. एका हिसक्याला गळ माझ्या बोटात रुतला. आई गं! डोळ्यांत पाणी आलं, पण हात हलवला नाही.

"रगत निंघी राह्यनं," हे म्हणाले.

"निघू द्या. तुम्ही बांधा."

दोरा कडीपाशी आला. आता थांबायचं होतं. आणि ह्यांचा हात थांबेना! एक वेढा पुढे, अजून एक. सवयच ती, इतक्या वर्षांची. कडी अर्धी झाकली गेली. साहेब बोलणार होते, मी डोळ्यांनीच गप्प केलं. मी ओरडले असते तर ह्यांनी दोरा तिथंच टाकला असता, मला माहीत आहे. मी देवाचं नाव घेत राहिले.

हात थांबला. कपाळावर घाम. मग एकेक वेढा उलटा सोडत हे मागे आले, मागे आले, आणि गाठ मारली. कडी उघडी, लख्ख.

साहेबांनी नायलॉन ओवला, ओढून बघितला. "झालं की काका! पुढच्या महिन्यापासून काम सुरू."

हे हळूच म्हणाले, "साहेब, हे कोणाच्या हातचं ते कोणाला सांगू नका. कडी उघडी, अर्धं शे हे."

मला असा राग आला! "सांगणार! अख्ख्या सराफ बाजारात सांगणार!" म्हटलं आणि मलाच रडू फुटलं. समोरच्या बाकावरची बाई बघत बसली, बघू दे.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रुमालानं माझं बोट पुसलं, पण पुसताना लक्ष दुसरीकडेच होतं. सामानातून नवा गळ काढून माझ्यापुढे धरला.

"पाचोरा यायला अजून वेळ आहे ना?" हे म्हणाले. "धर."

मी दुसऱ्या हाताची चिमूट पुढे केली.