शक्यता कळली, आता तारीख सांगा

मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे. माझे एक चाक कुरकुरते, पडद्याच्या कोपऱ्यात डाग पडला आहे. पण मित्रांनो, मला अजून लख्ख दिसते.

कारखान्यातून नवेकोरे आले तेव्हा दवाखान्यात माझे केवढे कौतुक! पोटातले बाळ दाखवले की आया हसायच्या. मग नवी यंत्रे आली आणि मला टोकाच्या खोलीत ढकलले. तिथे स्तनाचा कर्करोग झालेल्या बायका येत. कर्करोगाच्या जालीम औषधांनंतर मूल होणे अवघड होऊ शकते, म्हणून आधीच स्त्रीबीजे काढून गोठवून ठेवतात. ती किती मिळतील, याचा अंदाज बांधायला अंडाशयातले काळे ठिपके, म्हणजे बीजे वाढतात त्या इवल्या पिशव्या, मी दाखवते. नुसते दाखवते, बरे का! माझ्या नावावर कोणी भविष्य खपवले, की मला राग येतो.

एकदा एक बस चालवणारी बाई आली. सोबत थोरली बहीण होती. पडद्यावर ठिपके मोजकेच दिसले. वय आणि रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीजे फार थोडी मिळतील, कदाचित एकही नाही. बहिणीचे डोळे भरून आले. हा खटाटोप कशाला, आधी जीव वाचव, असे ती विनवू लागली.

बसवाली पोटावरची जेल पुसत उठून बसली. "ताई, जीव तर वाचवणारच आहे. पण वाचल्यावर मी काय करायचं, ते आत्ताच कुणी ठरवायचं नाही."

कर्करोगाच्या डॉक्टरांनी थोडे थांबायला हरकत नाही म्हटले होते. तेवढ्या दिवसांत तिने बीजे वाढवणारी इंजेक्शने घेतली. ताई कुरकुरत का होईना, रोज सोबत यायची. शेवटी बीजे मिळाली दोनच. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"एकच प्रवासी असला तरी बस सुटते, मॅडम," बसवाली म्हणाली.

पुढे तिचे उपचार पार पडले. केस गेले, पुन्हा आले. काही वर्षांनी डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा ती नवऱ्याला आणि ताईला घेऊन आली. पहिल्या बीजापासून गर्भ तयार झाला, पण रुजला नाही. माझा पडदा रिकामाच राहिला. ती खूप रडली. डॉक्टरीणबाईंनी हलक्या आवाजात सांगितले, की उरलेल्या एका बीजाकडून फारशी आशा धरू नये.

तिने डोळे पुसले. "शक्यता कळली. आता तारीख सांगा."

"सकाळची द्या," ताई म्हणाली. "मी रजा काढते."

मित्रांनो, अंदाज जरूर बांधा, नीट बांधा आणि खरा तोच सांगा. पण सांगून झाले की जरा थांबा आणि समोरच्या बाईला विचारा, तिला काय हवे आहे.

परवा दोघेजण माझी मापे घेऊन गेले. मला मोडीत काढणार म्हणे. तिची तारीख अजून यायची आहे. तोवर मला इथून कोणी हलवून दाखवावेच!