पॅक सुकेपर्यंत

बातमी रेडिओवर लागली तेव्हा मी पार्लरमधल्या खुर्च्या पुसत होते. पहिलं काम काय केलं, तर रेडिओची वायर उपटली आणि तो टॉवेलच्या कपाटात कोंबला. वर आणखी दोन टॉवेल टाकले. जसं काही मी झाकून ठेवलं की जगाला कळणारच नव्हतं!

गायिका गेली होती. वय बेचाळीस. हॉटेलच्या खोलीत सापडली, शेजारी रिकाम्या बाटल्या. त्या निवेदकाने बाटल्यांचा उल्लेख तीनदा केला. गाण्यांचा एकदाही नाही. मेल्याला समोर बसवून विचारावंसं वाटलं, बाबा रे, तुझ्या लग्नात कुणाची गाणी लावली होतीस?

पण खरं सांगते, माझा जीव थाऱ्यावर नव्हता तो गायिकेसाठी नाही, धाकटीसाठी. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. हे पार्लर आम्ही दोघींनी उभं केलं. भुवया कोराव्यात तर तिनेच. बायका तासभर थांबायच्या, पण तिच्याकडूनच करून घ्यायच्या. मग ती प्यायला लागली. का, कधी, कशी, ते तिलाही धड सांगता येत नाही. आधी घरी, मग इथे, शाम्पूच्या बाटलीत भरून. मी ओरडले, रडले, दोनदा थोबाडीतही दिली. काडीचाही फरक पडला नाही.

फरक पडला तो या गायिकेमुळे. एका संध्याकाळी ती टीव्हीवर मुलाखत देत होती. मध्येच म्हणाली, "मी दारुडी होते. आज वर्ष झालं, प्याले नाही." एवढंच. पुढे ती गाण्यांबद्दल बोलत राहिली. धाकटी माझ्या घरी सोफ्यावर बसली होती, हातात ग्लास. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी, पिशवी भरून. म्हणाली, "ताई, मला त्या केंद्रात सोडून ये."

त्याला सात महिने झाले. तीन महिने केंद्रात, आणि गेले चार महिने इथे. गिऱ्हाइकांना मी सांगितलं की ती केसांचा कोर्स करायला बाहेरगावी गेली होती. अशी थाप मारली आणि फसले! परत आल्यावर जी ती विचारू लागली, काय नवीन शिकून आलीस, दाखव ना. धाकटी बिचारी नुसती हसायची.

या चार महिन्यांत मी तिला दोऱ्याला हात लावू दिला नव्हता. टॉवेल धुणं, पॅक कालवणं, झाडणं, एवढंच. सकाळी ती तिच्या गटाच्या बैठकीला जाते, तिथे सगळे दारू सोडलेले लोक बसतात, आणि तिथून थेट इकडे. पुढचं काही विचारलं, अगदी 'पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे येशील का माझ्याबरोबर' असं जरी, तरी एकच उत्तर. "उद्याचं उद्या बघू, ताई." अपॉइंटमेंटच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे आमच्यापैकी कुणाचं तरी नाव लिहायचं असतं. सात महिने तिथे माझंच नाव आहे.

आणि आता ती गायिकाच गेली. जिच्याकडे बघून हिने सोडली, तिलाच जमलं नाही. मग ही म्हणेल, माझी काय कथा! पाचावर धारण बसली माझी.

बरोबर दहाला धाकटी आली. चप्पल काढली, ॲप्रन बांधला. चेहरा नेहमीसारखा.

"रेडिओ कुठेय?" तिने विचारलं.

"बिघडला. आणि आजपासून नियम, कामाच्या वेळेत मोबाइल ड्रॉवरमध्ये. आण इकडे."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग मोबाइल दिला आणि मागे जाऊन टॉवेल पिळू लागली. मला वाटलं, जिंकले.

कसलं जिंकले! दहा मिनिटांत औषधाच्या दुकानातली आली. दारातूनच, "ऐकलंत का ताई, ती गायि..."

"आधी बसा!" मी तिला खांद्याला धरून खुर्चीत दाबलंच. "चेहरा केवढा काळवंडलाय तुमचा. पॅक लावते."

"अहो, मी केसांची टोकं कापायला..."

"फुकट आहे आज. बोलू नका हं, बोललात तर सुरकुत्या पडतात." ही धमकी मी वीस वर्षं देतेय, अजून एकही बाई तिच्यापुढे टिकलेली नाही. मातीचा जाड थर फासला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. गप्प.

मग शेजारची शिवणवाली आली. ती डोळे पुसतच आली. "बिचारी गं, काय गोड गळा..." पुढचा शब्द निघायच्या आत तीही खुर्चीत. रडणाऱ्या चेहऱ्यावर माती नीट बसत नाही, पण म्हटलं असू दे. दोन तोंडांना कुलूप लावलं. असा धंदा केला तर दिवाळं निघेल माझं, पण दिवस तरी निघेल.

आणि तिसऱ्या आल्या शाळेच्या मोठ्या बाई.

या बाईंबद्दल सांगायला हवं. मुख्याध्यापिका आहेत, सगळी शाळा त्यांना टरकून असते. पण आमचा त्यांच्याशी वेगळाच हिशोब आहे. गेल्या वर्षी, त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी, धाकटी त्यांची भुवई कोरत होती. हात घसरला, आणि डावी अर्धी भुवई साफ. मी दोऱ्याला नावं ठेवली, कंपनीला शिव्या घातल्या, म्हटलं हा लॉटच खराब निघाला. बाई दोन महिने आल्या नाहीत. मग पुन्हा येऊ लागल्या, माझ्याकडे.

त्या आल्या, पर्स टेबलावर आपटली आणि मी पॅकचं भांडं उचलेपर्यंत बोलूनही टाकलं.

"बघितलंत त्या बाईचं? पैसा, नाव, काय कमी होतं? टीव्हीवर येऊन सोडली सोडली म्हणून टाळ्या घेतल्या, आणि मेली बाटलीतच. मी सांगते तुम्हाला, ही माणसं सुधारत नाहीत. कधीच नाही. नुसतं नाटक असतं."

मागे पॅक कालवण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

 मला राग असा आला, की तो लेप बाईंच्या तोंडात घालावा. "बाई, आधी पॅक," मी कसंबसं म्हटलं.

"मला आयब्रो करायच्यात."

"आधी पॅकच करायचा असतो. नवीन पद्धत आहे."

मागून धाकटी आली, हातात भांडं. "मी लावते, ताई," म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत तिने बाईंच्या कपाळावर ब्रश टेकवला होता. गाल, हनुवटी, नाक, सगळं निगुतीने. डोळ्यांवर कापूस. मग तिने घड्याळ बघितलं, पायाने स्टूल ओढलं आणि तिन्ही खुर्च्यांच्या मधोमध बसली.

"पॅक सुकायला पंधरा मिनिटं लागतात," ती म्हणाली. "तेवढ्यात मला काही सांगायचंय."

"धाकटे!" मी म्हटलं.

"तुलाही लावू का पॅक?"

मी भांडं खाली ठेवलं.

"मी केसांच्या कोर्सला गेले नव्हते. व्यसनमुक्ती केंद्रात होते. मी दारू पीत होते. इथेच, त्या मागच्या मोरीत." तिचा आवाज जरा बसका होता, बाकी काही नाही. "ती गायिका गेल्याचं मला पहाटेच कळलं. ताई, रेडिओ टॉवेलखालून काढ, ओलाय तो वरचा टॉवेल. आणि मी पिते का बघायला स्पिरिटच्या बाटलीवर तू रोज नेलपॉलिशची खूण करतेस, तेही मला माहितेय. रंग तरी वेगळा घ्यायचास. तो मीच मागवलाय."

शिवणवालीच्या पॅकला ओठाशी बारीक तडा गेला.

"बैठकीत आज कुणी बोललंच नाही. बाहेर पडले आणि सरळ इकडे नाही आले. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानासमोर गेले. शटर अर्धं वर होतं. वाटलं, तिला एवढं सगळं असून जमलं नाही, आपण कोण लागून गेलो! किती वेळ उभी होते, माहीत नाही. मग आठवलं, काल टॉवेल भिजत घातलेत. ताईला टॉवेल पिळता येत नाहीत, कुबट वास राहतो. म्हणून आले."

मला टॉवेल पिळता येत नाहीत! आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आनंद झाला मला. मी आरशाकडे पाठ करून उभी राहिले, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

"लोक म्हणतायत, तिची दारू शेवटपर्यंत सुटली नाही," धाकटी म्हणाली. "पण दीड वर्ष सुटली होती ना! दीड वर्ष ती रोज सकाळी उठली आणि नाही प्याली. त्या दिवसांत तिने ती मुलाखत दिली, ती मी बघितली. ते दिवस नाटक नव्हते, बाई. नाटक असतं तर मी आज इथे कशी बसले असते?"

बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. हलणार कसं, तो थर मीच कालवायला शिकवलाय तिला.

"आणि एक राहिलं. तुमची भुवई. दोरा चांगला होता. मी प्यालेली होते. हात थरथरत होता, मला समजत होतं, तरी मी दोरा दातात धरला. लेकीच्या लग्नातले तुमचे फोटो मी खराब केले. माफी मागायची राहिली होती."

  पंधरा मिनिटं झाल्यावर ती उठली, कोमट पाण्याचा टॉवेल घेतला आणि एकेकीचा चेहरा पुसू लागली.

शिवणवालीचा पॅक आधीच वाहून गळ्यापर्यंत आला होता. तिने धाकटीचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. औषधवाली म्हणाली, "झोप लागत नसेल तर आपल्या मनाने गोळ्या घेऊ नकोस हं, आधी मला विचार." तिचं प्रेम असंच, बारीक अक्षरातल्या सूचनेसारखं.

बाई उठून आरशासमोर गेल्या. डाव्या भुवईवरून बोट फिरवलं.

"दोन महिने पेन्सिलीने काढत होते मी ही," त्या आरशातच बघत म्हणाल्या. "एकदा वर्गात घाम पुसताना अर्धी पुसली गेली. सातवीचा वर्ग होता. शिक्षिका होऊन तीस वर्षं झाली, इतकं कुणी हसलं नव्हतं मला."

धाकटीने मान खाली घातली.

"राग आहे मला," बाई म्हणाल्या. "आणि मघाशी मी बोलले ते तुझ्याबद्दल नव्हतं बोलले. म्हणजे... बोलले तसंच, पण मला माहीत नव्हतं." त्या अडखळल्या. मी त्यांना पहिल्यांदाच अडखळताना बघत होते. "असो. उगवली ना परत."

त्या खुर्चीत येऊन बसल्या, मान मागे टेकली. मी झटकन दोऱ्याचं रीळ उचललं.

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही डावी कायम जाड ठेवता. हिला करू दे."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. चार महिने ती माझ्याकडे तसं बघत होती आणि मी दुसरीकडे बघत होते, हे मला त्या क्षणी कळलं. लाज वाटली. मी रीळ तिच्या हातात ठेवलं.

तिने दोरा तोडला, पीळ दिला, टोक दातात धरलं. बाईंनी नेहमीप्रमाणे दोन बोटांनी पापणीची कातडी ताणली. मग एक डोळा उघडला.

"हात हलला तर?"

धाकटीने दातातला दोरा काढला. "हलेलसं वाटलं तरी थांबेन. या वेळी आधी सांगेन."

बाईंनी डोळा मिटला.

सर्र, सर्र, सर्र. मी श्वास धरून उभी, शिवणवाली आणि औषधवाली दोन्हीकडून वाकलेल्या. परीक्षेच्या निकालालासुद्धा एवढी गर्दी नसते. दहा मिनिटांनी बाईंनी आरसा हातात घेतला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"बरी झालीय," म्हणाल्या. शाळेत त्या कुणाला यापेक्षा जास्त म्हणत नाहीत, असं ऐकलंय. मग पर्स उचलत म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचा पहिला गुरुवार. चार वाजता. हिच्याकडेच."

मी घाईघाईने म्हटलं, "तिचं आम्ही उद्याचं उद्या बघतो, बाई. मी आहेच, मी..."

पण धाकटी टेबलाकडे गेली होती. तिने अपॉइंटमेंटची वही पुढे ओढली, ओल्या बोटाने पानं उलटली. या आठवड्याचं, पुढच्याचं, त्याच्याही पुढचं. कोरं पान आलं तिथे थांबली. पेनचं टोपण उघडलं.

मग तिने बाईंचं नाव लिहिलं, आणि त्यापुढे स्वतःचं.