आयुष्याचा दोरा

लोहगडवाडीच्या देवळापुढे त्या गुरुवारी मुंगीला शिरायला वाट नव्हती. गडावर निघालेले ट्रेकर्ससुद्धा हातात भज्यांचा कागद धरून थांबले होते. उर्से टोलनाक्याच्या पलीकडून पांढऱ्या गाडीत बसून आयुष्यानंद महाराज आले होते आणि ते म्हणे माणसाचं आयुष्य वाढवून देत.

महाराजांनी एक सुती दोरा समईवर लोंबता धरला. दोरा भुर्रकन जळाला. "हे तुमचं आयुष्य!" महाराज गरजले. मग दुसरा दोरा पाण्यानं भरलेल्या तांब्याच्या गडव्याला घट्ट गुंडाळला, डोळे फिरवले, नाकातल्या नाकात काहीतरी पुटपुटले आणि खाली ज्योत धरली. दोरा काजळीनं काळा झाला, पण जळला नाही. "आणि हे माझ्या हातातलं!" टाळ्या कडाडल्या. यमाचा रेडा जणू महाराजांच्याच गोठ्यात बांधलेला होता.

बायडाबाईनं पवनला पुढं केलं. ती गडाच्या वाटेवर भजी-सरबताची टपरी चालवायची. पवन तिचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे, असं लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो बोलत नसे. फिटही यायच्या, पण गोळ्या सुरू झाल्यापासून तीन वर्षांत एकही आली नव्हती.

महाराजांनी त्याच्याकडे धड न पाहताच त्याच्या मनगटाला एक दोरा बांधला. "माई, असली लेकरं चाळिशी बघत नाहीत. मोबाइलवरसुद्धा आलंय! याचा दोरा आधीच विरलेला, त्यात गोळ्यांची उष्णता. गोळ्या बंद! पुढच्या गुरुवारी पुन्हा दोरा बांधू."

आपण गेल्यावर पोराचं कसं होईल, हा घोर बायडाबाईला रोजचाच होता. पोरच आधी जाईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं गोळ्या बंद केल्या.

पवनचा दिवस घड्याळावर चालायचा. सकाळी आठला तो डब्यातली गोळ्यांची पट्टी काढून आईच्या तळहातावर ठेवायचा. "नगं रं बाबा, आता दोरा हाय," ती म्हणायची आणि पट्टी डब्यात टाकायची. तो ती पुन्हा काढून आणायचा. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी तो टपरीपुढंच कोसळला. अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला, झटके थांबेनात. शेजारचे कोंडूआबा कांदा घेऊन धावले, आणखी कुणी नाकाला चप्पल लावली. उपकेंद्राची नर्स हसिना पळत आली. तिनं ती चप्पल भिरकावली, पवनला कुशीवर वळवलं आणि मिळेल त्या जीपमधून लोणावळ्याचा दवाखाना गाठला. पवन वाचला, पण अगदी थोडक्यात.

दवाखान्याच्या बाकावर बायडाबाईनं विचारलं, "बाई, मोबाइलवरचं खोटं हाय का?"

"अर्धं खरं आहे, मावशी," हसिना म्हणाली. "ऑटिझम असलेली पुष्कळ माणसं लवकर जातात. फिट आटोक्यात राहत नाहीत. दुखलं-खुपलं सांगता येत नाही. आणि आपण 'हा असाच आहे' म्हणून तपासतसुद्धा नाही. यात दोरा कुठं आला?"

"पर तो जळला न्हाई. म्या डोळ्यांनी बघितलं."

"गडव्यात काय होतं?"

"पानी..." म्हणता म्हणता बायडाबाई थांबली. ओढ्यावर खेकडे धरायला जाताना तिचा बाप भांडं नेत नसे. पळसाच्या हिरव्या पानाचा द्रोण करायचा आणि त्यातच चहाचं पाणी तापवायचा. तिला स्वतःचीच चीड आली. जे लहानपणापासून पाहिलं, त्यालाच ती देवळापुढं हात जोडून बसली होती.

पुढच्या गुरुवारी महाराजांनी दोरा गुंडाळून दाखवला, तशी बायडाबाई उठली. तीन दगड मांडले, टपरीवरून आणलेले निखारे पसरले, वर द्रोण ठेवला आणि त्यात पाणी ओतलं. पानाच्या कडा करपल्या, पण तळ तसाच हिरवा राहिला. पाण्याला वाफा आल्या.

"पानी आग पिऊन घेतंय, म्हनून पान जळंना. गडव्याचंबी तेच. माझा बाप ह्यात चहा करायचा, बिनमंत्राचा! बरं म्हाराज, त्योच दोरा आता ह्या लाकडी काठीला गुंडाळा."

"काठी अपवित्र असते, माई!"

कोंडूआबांनीच गडव्याचा दोरा सोडून काठीला गुंडाळला आणि समईवर धरला. मंत्रासकट जळाला. लोक खो-खो हसले. आयुष्य वाटणाऱ्या महाराजांना मग स्वतःचाच जीव एवढा प्यारा झाला, की गडवा तिथंच टाकून ते गाडीकडे पळाले.

"हसताय काय?" बायडाबाई गर्दीवर कडाडली. "मागल्या गुरुवारी तुमीबी टाळ्या पिटल्या आन् मीबी. कुनीबी एक सवाल इचारला न्हाई. पोर बोलत न्हाई, म्हनून त्याच्याकडं बघायचं कुनी? मीच ना? दुखतंय कुटं, खुपतंय कुटं, बघा आन् डाक्टरला दावा. लवकर मरनं कुनाच्या कपाळी लिवलेलं नसतं, आपुन ते घडू देतो."

तिनं कमरेची गोळ्यांची पट्टी काढून वर धरली.

"ज्याला तोंड न्हाई, त्यो चार दिवस रोज आठाला खरं सांगत व्हता. आन् मी तोंडाळाचं ऐकलं."